आठवड्यात एक तास काम म्हणजे रोजगार? रोजगार मोजणाऱ्या संस्था आणि आपला समाज

गेल्या सात दिवसांत एखाद्या दिवशी फक्त एक तास कमाईचे काम केले असेल, तरी सरकारी सर्वेक्षणाच्या साप्ताहिक मोजणीत तुम्ही बेरोजगार नसता. बी.कॉम. होऊन स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा आणि रविवारी सकाळी वडिलांच्या भाजीच्या गाडीवर उभा राहणारा लालबागचा मुलगा या हिशेबाने रोजगारात आहे. वडिलांनी त्याला एक रुपया दिला नाही तरीही, कारण घरच्या धंद्यात बिनपगारी मदत करणाऱ्यांची नोंद स्वयंरोजगारात होते.

ही व्याख्या दिल्लीतल्या कुणा अधिकाऱ्याच्या मनातून आलेली नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना ठरावीक वर्षांनी जगभरच्या श्रम-संख्याशास्त्रज्ञांची परिषद भरवते. ऑक्टोबर १९८२ मध्ये जिनिव्हाला झालेल्या तेराव्या परिषदेत एक तासाचा निकष मान्य झाला. त्याच वर्षी १८ जानेवारीपासून मुंबईत गिरणी संप सुरू होता आणि सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले होते. निकषामागे कारण होते. देशाच्या उत्पादनात ज्याचा थोडाही वाटा आहे असे प्रत्येक काम मोजले जावे, हा त्याचा हेतू. पण असा आकडा एकटा वाचला तर तो पोट भरणाऱ्या नोकरीबद्दल काहीच सांगत नाही.

बेरोजगारीवर मोर्चे निघतात, निवेदने दिली जातात, विहारांत व्याख्याने होतात. मात्र बेरोजगार कुणाला म्हणायचे हे ठरवणाऱ्या संस्थांची आपल्या चळवळीत फारशी चर्चा होत नाही. आम्ही समाजकार्यात आहोत आणि तरुणांच्या अभ्यासिकांमध्ये आमचे जाणे-येणे असते. तिथे नोकरीच्या जाहिरातींची माहिती सगळ्यांना असते, या संस्थांची नसते. म्हणून हा लेख. या कामाचा आपल्या देशातला फार जुना इतिहास परळ, नायगाव, दादरच्या गल्ल्यांत घडला आहे आणि त्यात बाबासाहेबांचा मोठा वाटा आहे.

सुरुवात कामगारांनीच केली

सप्टेंबर १८८४ मध्ये परळच्या सुपारीबागेत गिरणी कामगारांची सभा झाली. तिचे नेतृत्व महात्मा फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधू'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी केले. फॅक्टरी कमिशनपुढे द्यायच्या निवेदनावर सुमारे ५,५०० कामगारांनी सह्या केल्या. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार वेळेवर, अपघात झाला तर भरपाई अशा मागण्या होत्या. कामाचे तास किती आणि पगार किती लांबतो हे त्यांनी स्वतःच्या अनुभवावरून सरकारपुढे मांडले. त्याच वर्षी अमेरिकेच्या संसदेने कामगारांची आकडेवारी गोळा करणारे कार्यालय स्थापन केले. आजचे 'ब्युरो ऑफ लेबर स्टॅटिस्टिक्स' ते हेच.

मुंबई सरकारला जाग यायला आणखी बरीच वर्षे लागली. पहिल्या महायुद्धानंतर महागाई भडकली, गिरण्यांमध्ये मोठे संप झाले आणि १९२१ मध्ये मुंबई इलाख्याचे लेबर ऑफिस सुरू झाले. त्याच वर्षी 'लेबर गॅझेट' हे मासिक निघू लागले. कापड गिरण्यांमधली मजुरी आणि कामाचे तास यांची पाहणी झाली, कामगार कुटुंबांच्या खर्चाची पाहणी झाली. दोन्ही अहवाल १९२३ चे. चाळीतले कुटुंब धान्यावर, भाड्यावर, कपड्यांवर किती खर्च करते हे पहिल्यांदा शास्त्रशुद्ध रीतीने नोंदले गेले. दर महिन्याला राहणीमान खर्चाचा निर्देशांकही काढला जाऊ लागला.

निर्देशांक चुकला तर पगार चुकतो

पुढे गिरणी कामगारांचा महागाई भत्ता याच निर्देशांकाशी जोडला गेला. म्हणजे निर्देशांकात काही गुणांचा फरक पडला की लाखो पाकिटांतली रक्कम बदलायची. १९६३ मध्ये मुंबईच्या कामगार संघटनांनी हरकत घेतली. बाजारात भाव चढले आहेत आणि निर्देशांक ते कमी दाखवतो, असे त्यांचे म्हणणे होते. राज्य सरकारला अर्थतज्ज्ञ डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. समितीने निर्देशांकात दुरुस्ती सुचवली आणि कामगारांना वाढीव भत्ता मिळाला.

हे प्रकरण आम्हाला फार महत्त्वाचे वाटते. त्या लढ्यात कामगारांनी आकडेवारी झुगारून दिली नाही. कोणत्या वस्तूचा भाव कुठून घेतला, भाडे कसे धरले, हे प्रश्न विचारले आणि मोजणीच सुधारून घेतली.

सरासरीत न दिसणारे खाते

पण याच मोजणीत एक मोठी फट होती आणि ती आपल्या माणसांची होती.

गिरणीत सगळ्यात चांगली कमाई विणकाम खात्यात व्हायची. अस्पृश्य कामगारांना तिथे प्रवेश नव्हता. धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. आपण ज्या धोट्याला तोंड लावतो त्याला अस्पृश्याचे तोंड लागू नये, असे सवर्ण कामगारांचे म्हणणे. त्यामुळे आपली माणसे कमी मजुरीच्या सूतकताईच्या खात्यांत आणि झाडलोटीच्या कामात अडकली. गिरणी कामगारांची सरासरी मजुरी अमुक रुपये, असे छापले गेले की त्या एका सरासरीत साच्यावरचा कामगारही असे आणि त्या खात्याच्या दारातून परत पाठवलेलाही असे. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या नेत्यांसमोर ठेवला. भांडवलदाराविरुद्ध एकजूट हवी असेल तर आधी विणकाम खात्याचे दार उघडा, ही त्यांची भूमिका होती.

बाबासाहेब हे बोलत होते ते प्रत्यक्ष परिस्थिती पाहून. त्यांचे घर तेव्हा परळच्या बी.आय.टी. चाळीत होते. भोवती गिरणी कामगारांचीच वस्ती. शिवाय ते अर्थशास्त्रज्ञ होते. १९१८ मध्ये भारतातल्या लहान शेतजमिनींवर लिहिलेल्या निबंधात त्यांनी दाखवले होते की शेतीत गुंतलेली दिसणारी बरीच माणसे खरे तर रिकामी आहेत आणि उद्योग वाढल्याशिवाय त्यांना काम मिळणार नाही. छुपी बेरोजगारी हा शब्द पाठ्यपुस्तकांत येण्याच्या कितीतरी आधीची ही मांडणी आहे.

फट भरण्याचे थोडे काम मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्र व समाजशास्त्र विभागातून झाले. जी. आर. प्रधान यांचा मुंबई शहरातल्या अस्पृश्य कामगारांवरचा स्वतंत्र अभ्यास १९३८ मध्ये पुस्तकरूपाने आला. त्याआधी दोन वर्षे, १९३६ मध्ये, नागपाड्यात सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याची पदव्युत्तर शाळा सुरू झाली होती. आज देवनारला असलेली टाटा सामाजिक विज्ञान संस्था ती हीच. १९३६ हेच स्वतंत्र मजूर पक्षाच्या स्थापनेचेही वर्ष. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक विवाद विधेयकाविरुद्ध मुंबईत झालेल्या एक दिवसाच्या संपात हा पक्ष आघाडीवर होता.

मजूरमंत्री बाबासाहेब आणि देशाची मोजणी

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. मजूर खाते त्यांच्याकडे आले. या काळाबद्दल आपण कामाच्या तासांचे, प्रसूती रजेचे, खाण कामगार स्त्रियांचे निर्णय नेहमी सांगतो. मोजणीबद्दल मात्र कमी बोलतो.

सप्टेंबर १९४३ च्या त्रिपक्षीय मजूर परिषदेत सरकार, मालक आणि कामगार एकत्र बसले. कामगारांची मजुरी, रोजगार, घरे आणि सामाजिक स्थिती यांची देशव्यापी चौकशी व्हावी, असे तिथे ठरले. त्यानुसार फेब्रुवारी १९४४ मध्ये डी. व्ही. रेगे यांच्या अध्यक्षतेखाली श्रम चौकशी समिती नेमली गेली. तिने कापड गिरण्यांपासून खाणींपर्यंत तीसहून अधिक उद्योगांचा अभ्यास केला आणि १९४६ मध्ये मुख्य अहवाल दिला. १९४५ मध्ये मजूर खात्याच्या अखत्यारीत पुनर्वसन व रोजगार महासंचालनालय उभे राहिले. आपल्या वडीलधाऱ्यांनी ज्यांच्या रांगेत उभे राहून नावे नोंदवली, त्या रोजगार विनिमय केंद्रांच्या देशव्यापी व्यवस्थेचे मूळ तिथे आहे. बाबासाहेबांनी पद सोडल्यानंतर काही महिन्यांतच, ऑक्टोबर १९४६ मध्ये, सिमल्याला लेबर ब्युरो सुरू झाला. औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक आजही हाच ब्युरो काढतो आणि संघटित क्षेत्रातल्या असंख्य कामगारांचा महागाई भत्ता त्यावर ठरतो.

१९४७ मध्ये सरकारने मुंबईत श्रम विषयाचे शिक्षण आणि संशोधन करणारी संस्था काढली. ती आज परळमध्ये नारायण मेघाजी लोखंडे महाराष्ट्र श्रम विज्ञान संस्था या नावाने चालते. ज्या परळमध्ये लोखंड्यांनी सभा घेतली, तिथेच त्यांच्या नावाची संस्था आहे. मुंबई विद्यापीठाशी संलग्न असा श्रम अभ्यासाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम तिथे शिकता येतो. परळमध्येच मजदूर मंझिल इथे कामगार नेते गं. द. आंबेकर यांच्या नावाची श्रम अभ्यास संस्थाही आहे.

आज कोण काय मोजते?

या संस्थांचे ढोबळमानाने तीन प्रकार करता येतात.

पहिला प्रकार सरकारी आकडेवारीचा. आपल्याकडे राष्ट्रीय नमुना पाहणी १९५० पासून होते. एप्रिल २०१७ पासून नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षण सुरू झाले, बातम्यांत ज्याला पीएलएफएस म्हणतात ते. जानेवारी २०२५ पासून त्याचा आराखडा बदलला, वर्षाला सुमारे २ लाख ७२ हजार कुटुंबे त्यात आली आणि मासिक आकडेही येऊ लागले. हे सर्वेक्षण एकच बेरोजगारी दर देत नाही. वर्षभराच्या नेहमीच्या स्थितीवरून एक दर निघतो, सात दिवसांच्या स्थितीवरून दुसरा. २०१७-१८ मध्ये पहिला ६.१ टक्के होता आणि दुसरा ९ टक्क्यांच्या आसपास. वादविवादात एक जण एक आकडा फेकतो, दुसरा दुसरा. दोघेही खरे बोलत असतात आणि ऐकणारा गोंधळतो.

दुसरा प्रकार सरकारशी जोडलेल्या संशोधन संस्थांचा. नोएडाची व्ही. व्ही. गिरी राष्ट्रीय श्रम संस्था १९७४ पासून काम करते. जर्मनीत न्युरेंबर्गला केंद्रीय रोजगार संस्थेची स्वतःची संशोधन संस्था १९६७ पासून आहे. दक्षिण कोरियाची श्रम संस्था १९८८ ची. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना स्वतः १९१९ ची. कौशल्य प्रशिक्षण दिल्यावर नोकरी खरोखर लागते का, किमान वेतन वाढवले की कामे कमी होतात का, अशा प्रश्नांवर असे अभ्यास होतात.

तिसरा प्रकार विद्यापीठे आणि स्वतंत्र संस्थांचा. मुंबईत १९७६ मध्ये स्थापन झालेली सीएमआयई ही खासगी संस्था स्वतःची कुटुंब पाहणी करते. दिल्लीच्या मानव विकास संस्थेने आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेसोबत 'भारत रोजगार अहवाल २०२४' काढला. त्यानुसार २०२२ मध्ये लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये बेरोजगारी ३.४ टक्के होती, तर पदवीधर तरुणांमध्ये २९.१ टक्के. शिकल्यामुळे माणूस बेकार होतो असा याचा अर्थ नाही. ज्याच्या घरात उद्याचे पीठ नाही, तो बेकार राहूच शकत नाही. तो मिळेल ते काम धरतो. पदवीधराची पदवीला साजेशी नोकरी शोधण्याची उमेद आणि बाजारात असलेली कामे यांतली दरी हा आकडा दाखवतो.

रोजगार आहे की नाही, यानंतरचा प्रश्न तो कसा आहे हा. गिरण्यांच्या जागी टॉवर आणि मॉल आले. तिथे कंत्राटदाराकडून लागलेला सुरक्षारक्षक किंवा साफसफाईची कामगार सर्वेक्षणात बहुधा 'नियमित पगारी' गटात जाते. ऐकायला बरे वाटते. पण त्याच सर्वेक्षणात पुढचे तक्ते असतात. २०१७-१८ मध्ये बिगरशेती क्षेत्रातल्या नियमित पगारी कामगारांपैकी ७१.१ टक्के लोकांकडे लेखी करार नव्हता. निवेदनात पहिल्या तक्त्याऐवजी हा तक्ता जोडला, तर कामगार आयुक्तांपुढे आपली बाजू जड होते.

सत्तेलाही या आकड्यांचे वजन कळते. २०१७-१८ चा अहवाल वेळेवर जाहीर झाला नाही, म्हणून जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाच्या दोन सदस्यांनी राजीनामे दिले. अहवाल लोकसभा निवडणूक संपल्यावर, ३१ मे २०१९ रोजी आला. अमेरिकेत ऑगस्ट २०२५ मध्ये रोजगाराचे आकडे निराशाजनक आले आणि राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी आकडेवारी कार्यालयाच्या प्रमुखांनाच पदावरून काढले.

आडनाव पाहून नकार

विणकाम खात्याचे दार बंद होते हे डोळ्यांना दिसत होते. आजचे दार ईमेलमध्ये बंद होते आणि का बंद झाले हे कळत नाही. ते शोधायची एक पद्धत संशोधकांनी काढली आहे.

अमेरिकेत बर्ट्रांड आणि मुल्लैनाथन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी बोस्टन आणि शिकागोतल्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. फरक फक्त नावांत होता. गोऱ्यांची वाटणारी नावे आणि काळ्यांची वाटणारी नावे. २००४ मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गोऱ्या नावांना सुमारे ५० टक्के जास्त वेळा बोलावणे आले होते.

आपल्याकडे हे काम मूळ अमरावती जिल्ह्यातले अर्थतज्ज्ञ डॉ. सुखदेव थोरात यांनी पॉल अ‍ॅटवेल यांच्यासोबत केले. खासगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज गेले. उच्चवर्णीय हिंदू, दलित आणि मुस्लिम वाटतील अशी नावे होती, पात्रता बरोबरीची. उच्चवर्णीय नावाला बोलावणे येण्याची शक्यता १ धरली, तर दलित नावाला ती ०.६७ होती आणि मुस्लिम नावाला ०.३३. हा अभ्यास २००७ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आला. या साप्ताहिकाचे कार्यालय आज लोअर परळच्या एका औद्योगिक वसाहतीत आहे.

खासगी क्षेत्रात गुणवत्ताच चालते, असे आपल्याला कुणी ऐकवले तर या अभ्यासाचे नाव घ्यावे. अनुभव एका माणसाचा असतो आणि तो झटकून टाकता येतो. ४,८०८ अर्जांचा निष्कर्ष झटकणे कठीण जाते.

बौद्ध तरुण कोणत्या तक्त्यात आहे?

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. अमेरिकेत काळ्या नागरिकांचा बेरोजगारी दर दर महिन्याला वेगळा जाहीर होतो. तो बहुतेक काळ गोऱ्यांच्या दराच्या दुपटीच्या जवळपास राहिला आहे. हे वास्तव तिथल्या कुठल्याही सरकारला नाकारता येत नाही, कारण आकडा सरकारचाच असतो.

आपल्या श्रमशक्ती सर्वेक्षणाच्या वार्षिक अहवालांत अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागासवर्ग आणि इतर अशी विभागणी मिळते. धर्मानुसार तक्ते आले, तर ते हिंदू, मुस्लिम, ख्रिश्चन आणि शीख यांचे. बौद्धांचा रकाना छापील तक्त्यांत नसतो. २०११ च्या जनगणनेनुसार देशात ८४ लाख बौद्ध आहेत. त्यांतले ६५ लाखांहून अधिक महाराष्ट्रात, म्हणजे राज्याच्या लोकसंख्येच्या ५.८ टक्के. एवढ्या समाजातल्या किती तरुणींना पदवीनंतर काम मिळते, किती जण कंत्राटावर आहेत, हे सांगणारा तक्ता छापला जात नाही.

तरी माहिती गोळा होत असते. सर्वेक्षक घरी येतो तेव्हा कुटुंबाचा धर्म विचारतो आणि बौद्ध धर्माला स्वतंत्र सांकेतिक क्रमांक असतो. व्यक्तींची नावे काढून टाकलेली ही मूळ माहिती सांख्यिकी मंत्रालय संशोधकांना विनामूल्य देते. देशभरात बौद्ध कुटुंबांचा नमुना लहान पडतो, पण महाराष्ट्रापुरती दोन-तीन वर्षांची माहिती एकत्र केली तर उपयोगी निष्कर्ष काढता येतात. संख्याशास्त्र, अर्थशास्त्र किंवा संगणकशास्त्र शिकलेले तरुण आज आपल्या समाजात आहेत. हे काम त्यांचे आहे.

आपण काय करू शकतो

पहिली गोष्ट, दारात सर्वेक्षक आला तर त्याला परत पाठवू नका आणि उत्तरे मोघम देऊ नका. आई दुपारी घरी बसून दागिन्यांचे खडे चिकटवत असेल, तर ती 'काही करत नाही' असे सांगू नका. ते काम आहे आणि त्याची मजुरी किती कमी आहे हेही नोंदले गेले पाहिजे.

दुसरी गोष्ट धर्माच्या रकान्याची. बौद्ध लिहिले तर सवलत जाईल, ही भीती अजूनही वस्त्यांत आहे. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींच्या यादीतल्या बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला आहे. धर्म बौद्ध आणि जात यादीतली आपली जात, अशा दोन्ही नोंदी एकाच वेळी करता येतात. १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख असलेली जनगणना समोर आहे आणि या वेळी सर्वांचीच जात नोंदली जाणार आहे. याच जनगणनेच्या याद्यांवरून पुढची अनेक वर्षे सर्वेक्षणांचे नमुने निवडले जातील. इथे आपली नोंद पुसट राहिली तर रोजगाराच्या आकड्यांतही ती पुसट राहील.

तिसरी गोष्ट, आपल्या विहारापुरती पाहणी आपणही करू शकतो. नायगावच्या किंवा ना. म. जोशी मार्गाच्या बीडीडी चाळीतल्या तरुणांना दहा प्रश्न पुरेत. शिक्षण किती, गेल्या सात दिवसांत किती तास काम केले, पैसे किती मिळाले, नेमणूक कंत्राटदाराची की कंपनीची, लेखी करार आहे का, भविष्य निर्वाह निधी कापला जातो का, काम कुणाच्या ओळखीने मिळाले, गेल्या वर्षी किती अर्ज केले, किती ठिकाणी मुलाखतीला बोलावले, आणि याहून जास्त तास काम हवे आहे का. प्रश्न सगळ्यांना सारखेच विचारावेत, उत्तर सुचवू नये, नाव गुप्त ठेवावे आणि किती जणांनी उत्तर द्यायला नकार दिला तेही लिहावे. ही शिस्त पाळली तर शंभर घरांची पाहणीसुद्धा नगरसेवकापुढे, कामगार अधिकाऱ्यापुढे आणि संशोधकापुढे ठेवता येते.

चौथी गोष्ट करिअरची. स्पर्धा परीक्षेच्या यादीत भारतीय सांख्यिकी सेवाही आहे, हे अभ्यासिकेतल्या मुलामुलींना सांगा. परळची श्रम विज्ञान संस्था दादरहून पायी जाता येईल इतकी जवळ आहे. प्रश्नावली तयार करणाऱ्यांच्या टेबलावर आपली माणसे बसली, तर धर्माचे तक्ते छापताना बौद्धांचा रकाना कुठे गेला, हे विचारणारे तिथे कुणीतरी असेल.